कॉफीचा पेला आणि तारापूरचे बाष्पित्र

बोईसर स्टेशनाबाहेरच्या टपरीवर चहा कसा होतो हे तुम्ही शेकडो वेळा पाहिले असेल. पातेल्यात पाणी, दूध, साखर, ठेचलेले आले आणि चहाची पूड, खाली मोठा जाळ. चहा वर आला की पळीने खाली बसवायचा, पुन्हा वर येऊ द्यायचा. घड्याळ नाही, तराजू नाही, तापमापक तर नाहीच. रंग पाहून आणि वास घेऊन चहावाला पातेले उतरवतो आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

आता याच स्टेशनावरून चर्चगेटकडे जाणारी लोकल धरा. विरारपुढे डहाणू रोडपर्यंत ही लोकल २०१३ साली आली. वांद्र्याला उतरून एखाद्या जुन्या गल्लीत शिरा. तेथे हल्ली कॉफीची अशी दुकाने निघाली आहेत की, आत पाऊल टाकताच आपण चुकून एखाद्या प्रयोगशाळेत आलो असे वाटावे. ओट्यावर ग्रॅमच्या दशांशापर्यंत वजन दाखवणारा तराजू, हंसाच्या मानेसारख्या तोटीची किटली, दळण्याचे दोन-तीन निरनिराळे ग्राइंडर आणि मधोमध चकाकणारे, मधूनमधून फुसकारणारे एक मोठे यंत्र. फळ्यावर कॉफीच्या नावाबरोबर मळ्याचे नाव आणि मळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंचीदेखील लिहिलेली असते. शेजारी किंमत: एका पेल्याला अडीचशे-तीनशे रुपये!

किंमत वाचून दारातूनच परत फिरावेसे वाटेल. फिरू नका. वडीलधाऱ्यांबरोबर गेला असाल तर एका पेल्यात दोघांनी भागवा. पण ओट्याच्या शक्य तितक्या जवळ बसा. त्या यंत्राकडे नीट पाहायला वेगळे पैसे पडत नाहीत. शिवाय पालघर-बोईसरच्या मुलांना ते यंत्र समजण्यास इतरांपेक्षा सोपे जावे, कारण त्याच तत्त्वावर चालणारी अवाढव्य यंत्रे तुमच्या घरापासून काही कोसांवर, तारापूरच्या समुद्रकाठी उभी आहेत. ते कसे, हेच या पाठात पाहावयाचे आहे.

नऊ वातावरणांचा दाब

कॉफी करणारा, ज्याला तेथे ‘बरिस्टा’ म्हणतात, काय करतो ते क्रमाने पाहा. तो १८ ग्रॅम ताजी दळलेली पूड मूठ असलेल्या एका धातूच्या गाळण्यात भरतो, वरून दट्ट्याने घट्ट दाबतो आणि गाळणे यंत्रात फिरवून अडकवतो. कळ दाबली की काही क्षणांत खालच्या पेल्यात मधासारखी दाट, तांबूस धार पडू लागते. पंचवीस-तीस सेकंदांत सुमारे ३६ ग्रॅम द्रव जमला की तो यंत्र बंद करतो. हीच एस्प्रेसो.

जाड पेल्याच्या तळाशी मावणाऱ्या या द्रवात सुमारे एक दशांश भाग विरघळलेले पदार्थ असतात. म्हणजे ३६ ग्रॅममध्ये साधारण ३.६ ग्रॅम. पूड घेतली होती १८ ग्रॅम. तेव्हा पुडीचा पाचवा हिस्सा, २० टक्के, पाण्यात उतरला. भाजलेल्या कॉफीतील जास्तीत जास्त ३० टक्क्यांच्या आसपास भाग पाण्यात विरघळू शकतो. मग तोही का काढून घेऊ नये? कारण सगळेच पदार्थ एका वेगाने विरघळत नाहीत. आंबट आणि फळांचा स्वाद देणारे पदार्थ आधी उतरतात, गोडसर त्यामागून आणि कडवट, तुरट पदार्थ सावकाश. आधी थांबलो तर कॉफी आंबट, उशिरा थांबलो तर कडू. बरिस्टा तराजू आणि घड्याळ घेऊन बसतो तो थांबण्याची ही वेळ साधण्यासाठी. (आपला चहावाला हेच काम डोळ्यांनी करतो. चहा इतका उकळूनही पिण्याजोगा राहतो, याचे कारण दुधातील प्रथिने चहातील तुरट टॅनिनांना धरून ठेवतात.)

इतक्या थोड्या वेळात इतका अर्क उतरतो तो दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे पुडीचा बारीकपणा. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार तुकडे करा; एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. तुकडे जितके बारीक तितका पाण्याचा स्पर्श अधिक. खडीसाखर आणि पिठीसाखर एकाच वेळी दोन पेल्यांत टाकून पाहिलीत की पटेल. पण पूड अशी बारीक करून दाबून बसवली की पाणी तिच्यातून सहज जात नाही. म्हणून दुसरी गोष्ट लागते, ती म्हणजे दाब. यंत्र पाण्याला हवेच्या दाबाच्या नऊपट जोराने पुडीतून रेटते. पाण्याचे तापमान मात्र असते ९० ते ९६ अंश सेल्सिअस, म्हणजे उकळत्या पाण्याहून कमीच.

येथे थांबून विचार करा. दाब नऊ वातावरणांचा आणि तापमान शंभराच्या आत. हे दोन्ही एकत्र मिळवणे सोपे नव्हते. त्यासाठी इटलीत अर्धशतकाहून अधिक काळ खटपट चालली होती.

वाफेची चूक

वाफेच्या जोरावर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट तुरीन शहरात अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली घेतले. पुढे १९०१ साली मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी एकेका गिऱ्हाइकाचा पेला चटकन भरून देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. या यंत्रांची कल्पना सरळ होती. बंद बॉयलरमध्ये पाणी तापवायचे. वर जमणारी वाफ खालच्या पाण्याला ढकलेल आणि ते पुडीतून बाहेर पडेल. दाब हवा तर जाळ वाढवा!

पण चूक येथेच होती. बंद भांड्यात पाणी आणि वाफ एकत्र असली की दाब आणि तापमान या दोहोंची गाठ निसर्गाने घालून दिलेली असते. एक वाढवले की दुसरे वाढलेच पाहिजे. उघड्या पातेल्यात, समुद्रकाठच्या गावी, पाणी १०० अंशांना उकळते. घरच्या प्रेशर कुकरमध्ये शिटीचे वजन हवेच्या दाबावर आणखी सुमारे एक वातावरण दाब ठेवते आणि आतले पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. डाळ लवकर शिजते ती म्हणूनच. बेझेरांच्या काळातील यंत्रांत हा जादा दाब दीड वातावरणाच्या आसपास असे आणि पाणी सव्वाशे अंशांवर जाई. त्या पाण्याने आणि वाफेने कॉफी करपल्यासारखी कडू लागे. आता नऊ वातावरणे जादा दाब केवळ वाफेच्या बळावर हवा असता तर? पाणी सुमारे १८० अंशांपर्यंत तापवावे लागले असते. तशा पाण्यातून निघालेला द्रव पिण्याच्या लायकीचा राहिला नसता, आणि दुकानाच्या ओट्यावर असले बॉयलर ठेवणे जिवावरचे काम झाले असते ते वेगळेच.

ही गाठ सोडवली मिलानच्या अकिले गाज्जा यांनी. १९३८ साली त्यांनी पेटंट घेतले आणि महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, त्यांची दांड्याची यंत्रे बाजारात आली. त्यांनी वाफेला ढकलण्याच्या कामातून मोकळे केले. बरिस्टा एक लांब दांडा खाली ओढी, त्याने जोरकस स्प्रिंग दाबली जाई. दांडा सोडला की स्प्रिंग दट्ट्याला रेटी आणि दट्ट्या गरम पाण्याला. होळीची पिचकारीच म्हणा ना! दाब आला स्प्रिंगमधून, उष्णता आली बॉयलरमधून; एकाचा दुसऱ्याशी संबंध उरला नाही. पेल्यावर तांबूस फेस प्रथम दिसला तो या यंत्रांतून. भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड वायू कोंडलेला असतो. दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि पेल्यात दाब उतरताच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सोड्याची बाटली उघडताच जे होते तेच. पूड शिळी असेल तर वायू आधीच निघून गेलेला असतो आणि फेस फिका, तुटक पडतो.

१९६१ साली फाएमा कंपनीच्या यंत्रात स्प्रिंगच्या जागी विजेवर चालणारा पंप आला. त्यात आणखी एक युक्ती होती, ती नीट समजून घ्या. बॉयलरमधील पाणी कॉफीसाठी वापरायचेच नाही. त्या बॉयलरच्या पोटातून एक नळी गेलेली असते. पंपाने दाबलेले ताजे पाणी त्या नळीतून वाहते आणि नळीच्या धातूतून उष्णता घेऊन पुढे कॉफीकडे जाते. दोन पाणी, दोन निराळे दाब, मध्ये धातूची भिंत. उष्णता भिंत ओलांडते, पाणी ओलांडत नाही. आज वांद्र्याच्या दुकानात तुम्ही पाहाल त्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत हीच रचना असते.

आता तारापूरकडे

तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ साली व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. भारतातील अणुवीज येथूनच सुरू झाली. या दोन्ही भट्ट्या ‘उकळत्या पाण्याच्या’ प्रकारच्या. अणूंच्या विखंडनातून निघणाऱ्या उष्णतेने भट्टीतले साधे पाणी तेथेच उकळते आणि मुख्य वाफ थेट टर्बाइनकडे जाते. आत दाब सुमारे ७० वातावरणे असतो. त्या दाबाला पाणी २८५ अंशांच्या आसपास उकळते. दाब आणि तापमान यांची गाठ येथे तशीच ठेवलेली आहे. म्हणजे तत्त्वापुरते बोलायचे तर बेझेरांचे यंत्र! फरक इतकाच की, बेझेरांना ही गाठ नडली आणि वीज करणाऱ्याला ती हवीच असते, कारण त्याला चव सांभाळायची नाही, तापलेली, जोरकस वाफच पाहिजे.

शेजारच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या निराळ्या. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या या भट्ट्या भारतीय अभियंत्यांनी आखल्या. चौथी आधी, २००५ मध्ये, आणि तिसरी २००६ मध्ये चालू झाली. त्यांत इंधनाभोवती जड पाणी फिरते. त्यावर सुमारे १०० वातावरणांचा दाब ठेवलेला असतो, इतका की ३०० अंशांच्या आसपास तापूनही ते सहसा उकळत नाही. हे तापलेले जड पाणी बाष्पजनित्राच्या हजारो बारीक नळ्यांतून वाहते. नळ्यांच्या बाहेर साधे पाणी असते. त्यावर दाब कमी, सुमारे ४० वातावरणे, म्हणून ते २५० अंशांना उकळते आणि त्याची वाफ टर्बाइन फिरवते. दोन पाणी, दोन निराळे दाब, मध्ये धातूची भिंत!

कॉफीच्या यंत्रात उष्णता बाहेरून नळीच्या आत जाते आणि बाष्पजनित्रात नळीच्या आतून बाहेर, हा उलटेपणा ध्यानात ठेवा. पण भिंतीचा हेतू पाहण्यासारखा आहे. दुकानात ती भिंत चवीसाठी आहे: बॉयलरमध्ये दिवसभर उकळलेले शिळे पाणी पेल्यात येऊ नये म्हणून. तारापुरात तिचे काम फार मोठे. भट्टीतून फिरणारे पाणी थोडेफार किरणोत्सारी होते. भिंतीमुळे ते आपल्या फेऱ्यातच राहते आणि टर्बाइनकडे निराळ्या पाण्याची वाफ जाते. पहिल्या दोन भट्ट्यांत मुख्य वाफ भट्टीतूनच येत असल्याने टर्बाइनच्या भागातही किरणांपासून बचावाची व्यवस्था करावी लागते. ‘केंद्रातून निघणारी वाफ किरणोत्सारी असते का?’ असा प्रश्न आपल्या भागात वर्गात हमखास निघतो आणि बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात उडवला जातो. उत्तर एका शब्दाचे नाही. कोणत्या भट्टीची कोणती वाफ, हे आधी विचारले पाहिजे. आणि हेही लक्षात असू द्या की, टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ हवेत सोडत नाहीत. संघनकात नळ्यांतून वाहणारे अरबी समुद्राचे पाणी तिला थंड करते आणि तिचे पुन्हा पाणी होऊन ते परत फेऱ्यात जाते. तेथेही मध्ये धातूची भिंत आहेच.

पंधरा ग्रॅम वाफ

आपण परत ओट्यापाशी येऊ. बरिस्टाने आता स्टीलच्या भांड्यात थंड दूध घेतले आहे आणि यंत्राची वाफेची नळी त्यात बुडवली आहे. घुरघुर आवाज होतो आणि अर्ध्या मिनिटात दूध तापून मऊ फेस येतो. वाफेने हे इतक्या झटपट कसे साधते? हिशेब करून पाहू.

दूध १५० ग्रॅम, तापमान ५ अंश. ते ६५ अंशांवर न्यायचे आहे. दूध म्हणजे बहुतांशी पाणीच, म्हणून त्याची विशिष्ट उष्णता पाण्याइतकी धरू. लागणारी उष्णता १५० × ६० = ९,००० कॅलरी. एक ग्रॅम वाफेचे १०० अंशांवर पाणी होताना ५४० कॅलरी सुटतात. ही सुप्त उष्णता. मग ते पाणी १०० वरून ६५ अंशांवर येताना आणखी ३५ कॅलरी. एकूण ५७५. तेव्हा ९,००० भागिले ५७५, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅम वाफ पुरे. वाफेऐवजी १०० अंशांचे उकळते पाणी ओतले असते तर? प्रत्येक ग्रॅम केवळ ३५ कॅलरी देणार. २५७ ग्रॅम पाणी लागले असते, दुधाहून जास्त! वाफेनेही दूध थोडे पातळ होतेच, पण सुमारे दहाव्या हिश्शाइतकेच.

आता हेच आकडे स्वतःच्या हातावर लावा. १०० अंशांच्या एक ग्रॅम पाण्याचा चटका आणि १०० अंशांच्या एक ग्रॅम वाफेचा चटका यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वाफ कातडीवर पाणी होताना सगळी सुप्त उष्णता तेथेच टाकते. शिवाय नळीच्या तोंडाशी खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. जो पांढरा धूर दिसतो तो गार होऊन झालेल्या जलबिंदूंचा. धोका धुरात नाही असे नाही, पण सर्वांत मोठा धोका धुराच्या अलीकडच्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत असतो. कुकर उघडण्याची घाई करणाऱ्यांनी, आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलरवर काम करणारे ज्यांच्या घरी आहेत त्यांनी, हा हिशेब घरी मोठ्याने वाचून दाखवावा.

परीक्षेच्या रात्री

कॉफीतील तरतरी आणणारा पदार्थ कॅफीन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी तो १८१९ च्या सुमारास कॉफीतून वेगळा काढला. दिवसभरात मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते आपल्या ठरावीक जागी बसले की झोप येऊ लागते. कॅफीन त्या जागा अडवून बसते. झोप नाहीशी होत नाही, ती दाराबाहेर तिष्ठत असते. म्हणून कॉफीचा अंमल उतरला की थकवा एकदम जाणवतो.

शरीरातील कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. माणसामाणसांत यात बराच फरक असतो. ‘अर्धायुष्य’ हा शब्द तुम्ही किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या संदर्भात ऐकला असेल. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. गणित तेच. संध्याकाळी पाच वाजता १२० मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेले, आणि हे दुहेरी एस्प्रेसोच्या एका पेल्यात सहज असते, तर रात्री दहाला ६० आणि पहाटे तीनला ३० मिलिग्रॅम शिल्लक. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा आहे दिवसाला शरीराच्या किलोग्रॅममागे ३ मिलिग्रॅम. तुमचे वजन ४० किलोग्रॅम असेल तर तो एकच पेला तुमचा दिवसाचा सगळा वाटा संपवतो. त्यावर घरचा चहा आणि बाटलीतले कोला पेय धरलेलेच नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यासाठी कॉफी पिणारा विद्यार्थी पहाटे अंथरुणावर पडतो तेव्हा तिचा चौथा हिस्सा अजून जागाच असतो, आणि दिवसभर वाचलेले मनात पक्के बसण्याचे काम तर झोपेतच होत असते.

कॉफीच्या झाडाविषयी सांगू लागलो तर निराळाच लेख होईल. एवढे सांगतो की, बाबा बुदन या सूफी संतांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असे परंपरा सांगते. अरेबिका जातीला थंड, उंच डोंगरउतार मानवतात. म्हणून पालघरच्या किनाऱ्यावर चिकू येतो, कॉफी येत नाही. महाराष्ट्रात तुम्हांला कॉफीची झाडे पाहायची असतील तर अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला जावे लागेल. ते गाव सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. दुकानाच्या फळ्यावर मळ्याची उंची का लिहिलेली असते, ते आता ध्यानात आले असेल.

घरी करून पाहा

दाब आणि उत्कलनबिंदू यांची गाठ आपण दाब वाढवून पाहिली. ती उलट बाजूनेही पाहता येते. औषधाच्या दुकानातून सुईशिवाय, मोठ्या आकाराची नवी सिरिंज आणा. घरातील मोठ्यांना जवळ बसवा. पाणी तापवून उकळण्याआधीच, ६५-७० अंशांवर, उतरवा. सिरिंजच्या चौथ्या हिश्शाइतके पाणी आत ओढा, तोंड वर धरून आतील हवा काढून टाका, तोंडावर रबराचे टोपण घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या जोराने मागे खेचा. खाली जाळ नाही, पाणी शंभराच्या बरेच खाली, तरी ते बुडबुडे सोडत उकळू लागेल. दट्ट्या सावकाश आत जाऊ द्या, उकळणे थांबेल. पहिल्या वेळी दिसणाऱ्या बुडबुड्यांत पाण्यात विरघळलेली हवाही असते. टोपण काढून ती बाहेर घालवा आणि पुन्हा खेचा. तिसऱ्या-चौथ्या वेळीही बुडबुडे आले तर ती वाफच. मग पाणी थोडे थोडे निवू द्या आणि कोणत्या तापमानाला उकळणे बंद पडते ते वहीत लिहून ठेवा.